अंगी लागलेलं

मार्च. ओउलुयार्वी सरोवर अजून बर्फाखालीच.
केंद्राच्या शेडमध्ये अकरा टाक्या,
पंपांची एकसुरी घरघर,
आणि हिल्का मोइलानेन, कोपरापर्यंत ओल्या बाह्या,
तळाशी उरलेले दाणे बारीक जाळीने उचलते,
मोजते, वहीत लिहिते:
टाकी दोन, उरले चौतीस.

बाकीचे खाल्ले, असं आपण धरून चालतो.

माझं काम त्यानंतरचं.
खाल्लेल्यातून वजा श्वास, वजा पोहणं, वजा मैला,
वजा खाल्लेलं पचवायलाच लागलेली ऊब.
उरेल ती वाढ.

मॉडेल म्हणालं, चारशे बारा ग्रॅम.
काट्यावर ट्राउट तीनशे एक्काहत्तर.

एक्केचाळीस ग्रॅम.
घाबरण्यात गेले असतील.
वाऱ्याने शेडचं दार आपटतं
तेव्हा सगळा थवा एकदम वळतो,
त्या वळण्याची किंमत मी कुठेच धरली नव्हती.
किंवा थोरल्याच्या धाकात कोपऱ्यात काढलेल्या रात्रींची.
किंवा तो एक, पाठीवर डाग असलेला,
दाणा तोंडात घेतो, थुंकतो, पुन्हा घेतो.

हिल्का म्हणते, काहींच्या अंगी लागतं, काहींच्या नाही.
तिच्या दोन मुलांना एकाच पातेल्यातली लापशी;
एक दारात मावत नाही,
दुसऱ्याची विजार अजून पट्ट्याच्या भरवशावर.
मी समीकरण वरपासून खालपर्यंत पाहिलं.
अंगी लागण्याला त्यात अक्षर नाही.

सरासरी मात्र छान येते.
चूक चार टक्के, बिंदूंच्या गर्दीतून
रेघ डौलात निघून जाते.
फक्त तो सरासरी मासा
अकरांपैकी एकाही टाकीत पोहत नाही.

मग टाकी सहा.
भाकीत तीनशे अठ्ठ्याण्णव. काटा तीनशे अठ्ठ्याण्णव.
मी सगळे मासे पुन्हा तोलले.
तोपियासने कॉफीबरोबर दालचिनीचे पाव आणले,
कुणीतरी आलेखाचा फोटो काढला.

हिल्का हात पुसत उभी होती.
"सहाचा तापमापक जानेवारीतच गेला," ती म्हणाली.
"सांगितलं होतं मी. कुणी आलं नाही.
मग बोट बुडवून आकडे लिहिले."
आणि जरा थांबून,
"दाणेही तिथे थोडे जास्तच पडायचे. न लिहिता.
ते कोपऱ्यातले मला बघवायचे नाहीत."

दोन चुका, दोन दिशांनी चालत येऊन
बरोबर मध्ये भेटल्या होत्या,
आणि आम्ही वऱ्हाडी होऊन पाव खाल्ले.

टाकी सहा अहवालातून गाळली.
नवा तापमापक बसवला.
आता रोज सकाळी आकडा पाहण्याआधी
मी हिल्काला बोट बुडवायला सांगतो.
आठ दिवसांत तिची चूक अर्धा अंश.
माझी अजून एक्केचाळीस ग्रॅम.

शेडच्या दाराला मी जुना लोकरीचा मोजा बांधलाय.
आता ते आपटत नाही.