वळणाचं पाणी

हत्त्याला नदी नाही. आहे ती वादी,
दगडांचं कोरडं पात्र,
वर्षातून दोनदा वेड्यासारखी वाहते
आणि उरलेले दिवस शेळ्यांना वाट देते.
तरी तलाव आहे. धरणाच्या भिंतीआड,
मोरचुदाच्या खड्यासारखा निळा.
सुटीला दुबईहून माणसं येतात, पिवळ्या होड्या वल्हवतात.
सिल्हेटचा मोतालिब
त्यांच्या जॅकेटचे बंद आवळून देतो.

माझं काम डोंगराच्या पोटात.
दुपारी ऊन फुकट असतं तेव्हा
खालचं पाणी वर चढवायचं,
दिवे लागले की तेच खाली सोडायचं.
उद्या पुन्हा तेच. तेच थेंब.
बहीण फोनवर म्हणाली, हा कसला रे धंदा,
आडातलं पोहऱ्यात नि पोहऱ्यातलं आडात?
मी म्हटलं, पगार बरा आहे.

वळणाचं पाणी वळणावर जातं, असं वडील म्हणायचे.
त्यांना मी सांगितलंच नाही
की इथे ते बटणावर जातं.

वडील पाचगाळचे.
कोयनेच्या पाण्यात गाव गेलं तेव्हा अकरा वर्षांचे.
बदली जमीन मिळाली ती खाडीजवळ, खारी.
तिथे नाचणी लावून पाहिली, मग एका कारखान्यात वॉचमन झाले.
विजेबद्दल कधी वाईट बोलले नाहीत.
फक्त बल्ब बदलून झाला
की स्टुलावरून लगेच उतरायचे नाहीत.

मे महिन्यात पाणी ओसरलं
की जुन्या गावची पंधरावीस माणसं लाँच ठरवून जायची.
मला एकदा नेलं होतं.
चिखलात जोती, जात्याची एक तळी, कौलांचे तुकडे.
वडिलांनी चपला काढून हातात घेतल्या
आणि एका जागी जाऊन बसले.
म्हणाले, ही ओसरी. वर ये, चिखलात काय उभा?
मला दोन्हीकडे चिखलच दिसत होता.

या मार्चमध्ये झडपांच्या तपासणीसाठी
तलाव कधी नव्हे इतका उतरवला.
संध्याकाळी कॅमेऱ्यात माणूस दिसला,
कुंपणाच्या आत, पार पाण्याच्या कडेला.
खलफान. वरच्या रस्त्यावर मध विकतो,
सुटे पैसे नसले की मुठीत खजूर कोंबतो, तोच.
गाळातून गुडघाभर दगडी भिंत वर आली होती,
तिला लागून फलज,
आपल्याकडचा पाट म्हणा ना, त्याचा एक तुकडा.
कंदुरा वर खोचून तो पावलं मोजत चालला,
चुकला, मागे गेला, पुन्हा मोजली.
मग थांबला.
मग सपाता काढल्या.

सहा दहाला दुबईने वीज मागितली.
नियम असा, की भोंगा वाजवायचा,
मोतालिबला पाठवून माणसाला बाहेर काढायचं
आणि पाणी सोडायचं.
माझा हात भोंग्यावर होता.
फोनवर कंट्रोलची रीमा, अजून किती?
मी म्हटलं, सेन्सर बघतोय.
अजून किती?
बघतोय.

खलफान वाकला. भिंतीच्या एका फटीत बोटं घातली,
काही सापडलं नसावं.
मग मागे वळून, जिथे कुणीच नव्हतं तिथे पाहून
हाताने खूण केली, ये, ये.
कॅमेऱ्याला आवाज नाही.

सहा एकोणीसला तो चढून रस्त्याला लागला,
सपाता अजून हातातच.
लॉगबुकात उशिराच्या कारणाला एक रकाना असतो.
लिहिलं, सेन्सर.
झडप उघडली, जमीन थरथरली,
आणि मी पडद्याजवळ सरकलो.
पाणी भिंतीवरून गेलं नाही.
आधी पाट शोधला त्याने,
त्यातून आत शिरलं, जुन्या सवयीनं,
आणि वाफा भरेपर्यंत थांबलं.