कळवायचं राहिलं ते

शिनू, तिसऱ्या दिवशी राख सावडून
तू भिवंडीची गाडी धरलीस.
शेंगाचटणीचा डबा घेऊन गेलास, यादी ठेवून गेलास.
नायनांच्याच डायरीचं पान, अक्षर तुझं.
बँक, पेन्शन, गॅस, रेशन, लाईट बिल, सिम.
शेवटी आधार, आणि पुढं प्रश्नचिन्ह.

झोन ऑफिसातल्या बाईंनी स्मशानाची पावती मागितली.
पावती तुझ्या पँटीत, पँट भिवंडीला.
परत अक्कलकोट रोडला गेले.
रजिस्टर चाळत माणूस म्हणाला,
तारीख राहू द्या, लाकूड किती होतं आठवतंय?
साडेसात मण.
एवढं पटकन सांगितलं की त्यानंच मान खाली घातली.

दाखल्याच्या दहा प्रती काढ म्हणाले सगळे.
झेरॉक्सवाल्यानं नाव वाचलं,
दहावीचे पैसे घेतले नाहीत.

रेशनकार्डावर राजेशम म्याकल,
पासबुकात मॅकल राजेश,
कारखान्याच्या पीएफला आर. मेकला.
कोर्टासमोर छत्रीखाली बसतो त्या टायपिस्टनं
तिघांना एका ओळीत बसवलं:
उपरोक्त तिन्ही नावांची व्यक्ती एकच असून ती मयत आहे.
इथं सही करा, म्हणाला.
पेन हातात, ऊन टाळूवर.
त्या तिघांत तो नव्हता रे,
जेकार्डचा पंच केलेला पुठ्ठा खिडकीशी धरून
भोकाभोकांतून मोर वाचणारा.
इथं पिसारा फिटतो, इथं चोच, म्हणायचा,
आणि आपल्याला दिसायची नुसती उजेडाची भोकं.
त्याचं कुठल्या खिडकीला कळवायचं?
केली सही.

अम्माला काही विचारलं,
पॉलिसी कुठंय, लॉकरची किल्ली कुठंय,
की ती म्हणते, त्यांना विचार.
मी बरं म्हणते.

गंगाधर चिप्पाचं नाव तू लिहून खोडलंस.
सोळा वर्षं एका बीमच्या हिशोबावरून अबोला,
म्हणून मीही कळवलं नाही.
दहाव्याला आपला आपणच आला,
लांब चपलांपाशी बसला.
कावळा शिवेना. काका म्हणाले, मुलाचं नाव घ्या, घराचं नाव घ्या.
चिप्पा तिथूनच ओरडला,
राजेशम, हिशोब मिटला बे, जेव!
कावळा त्यानंतर आला की आधीच निघाला होता,
मला सांगता येणार नाही.

औषधवाल्याला सांगितलं. बीपीच्या न फोडलेल्या पट्ट्या त्यानं परत घेतल्या.
न्हाव्याला त्याच्या पोरानं सांगितलं.
सिमचं राहिलं. चार्जिंग मात्र मी रोज लावत होते,
का ते विचारू नकोस.

पंधराव्या रात्री तीनला तो फोन वाजला.
शब्बीर वॉलमन.
लेकीच्या लग्नाला गुलबर्ग्याला गेलेला,
बदलीचा माणूस न सांगताच सोडायचा पाणी;
गल्ली दोनदा कोरडी राहिली, आपल्या घरी कुणाला तहानच नव्हती.
अण्णा, पाणी सोडलो बघा. उठवा गल्लीला.

मला म्हणता आलं असतं.
मी घशातून हं केलं, नायना करायचे तसं,
आणि त्यानं फोन ठेवला.

खुंटीवरचा धोटा काढला.
लूम विकला तेव्हा तेवढाच ठेवून घेतला होता त्यांनी,
दारं वाजवायला.
टोकाचं पितळ गार लागलं.
पहिलं दार, दुसरं दार, दोन-दोन ठोके.
नळांत आधी वारा खोकतो तसा खोकत होता.
चौथ्या दाराआडून आडमांच्या म्हातारीचा झोपेतला आवाज आला,
उठले हो अण्णा.

मग आत काहीच नाही.
बराच वेळ.
मग दिवा लागला.

शब्बीरला पुढच्या पाण्याला सांगेन म्हटलं होतं.
तेव्हापासून तीनदा पाणी आलं.
सिमपुढं तू फुली मार, शिनू,
इथलं मी बघते.