दुसरी पाळी

सातपूरच्या कंपनीत मी टोकन नंबर चारशे सतरा.
शरणपूरच्या अलीकडे, भाड्याच्या हॉलमध्ये,
जिथे शनिवारी लग्नाच्या पंगती उठतात
आणि रविवारी सकाळी आम्ही शितं झाडून खुर्च्या मांडतो,
तिथे मला पाळक म्हणतात.

पाळी आणि पाळक.
कोशात बघायला हवं एकदा,
दोघांचं गोत्र एक आहे का.

ह्या आठवड्यात दुसरी. तीन ते साडेअकरा.
ग्राइंडरवरून बेअरिंगच्या कड्या येत राहतात,
एकेक उचलून गेज लावायचा:
जाते, जात नाही.
जात नाही ती लाल पेटीत.
रविवारी माझ्याकडे लाल पेटी नसते.
दारू सोडतो म्हणत दानिएल उबाळे चौथ्यांदा आलाय,
त्याला कुठला गेज लावू?

उपदेश मी इन्स्पेक्शन रिपोर्टच्या पाठीवर लिहितो.
पुढे मायक्रॉनचे आकडे, मागे क्षमा.
एकदा तो कागद तसाच ऑफिसात गेला.
खैरनार सुपरवायझर स्वतः परत घेऊन आले,
म्हणाले, "साळवे, मधला मुद्दा काही पटला नाही.
अक्षर मात्र चांगलंय."

मंडळीतले पंच म्हणतात, सोडा आता नोकरी, विश्वास धरा.
थैलीत गेल्या महिन्यात अठ्ठावीसशे सत्तर जमले,
त्यातले दोन हजार हॉलचे.
मार्था काही बोलत नाही.
नुसती पोराच्या फीची पावती बायबलमध्ये ठेवते,
मी उघडणार नेमक्या त्या पानाशी.

मंगळवारी सुलभाबाई त्रिभुवन सिव्हिलमध्ये होत्या.
फोन लॉकरमध्ये, नियमच तसा.
सुटल्यावर बघतो तर चौदा मिस्ड कॉल,
शेवटचा नऊ दहाचा.
त्यानंतर काहीच नाही.
त्र्यंबक रोडनं स्कूटर पळवली,
सिग्नल नुसते पिवळे लुकलुकत होते.
वाटभर एक वाक्य जुळवत होतो,
माफीचं की सांत्वनाचं,
ते जिना चढेपर्यंत ठरलं नाही.

वॉर्डाबाहेर बाकावर त्यांचे यजमान, एका पायात चप्पल.
तीस वर्षं त्यांनीही नोटांच्या प्रेसमध्ये पाळ्या केलेल्या.
म्हटलं, हात धुऊन येतो, कूलंट लागलंय.
त्यांनी मनगट धरलं.
"राहू द्या. विचारत होती तुम्हाला.
मी सांगितलं, पाळीवर आहेत.
तर म्हणाली, डबा तरी खाल्ला असेल का?"

मला प्रार्थना आठवेना.
त्यांनीच केली.
आमेन तेवढं मी म्हटलं.

रविवारी भाकर मोडताना
नखांखालची काळी रेघ सगळ्यांना दिसली असणार.
साबण लावला होता, लिंबूही चोळलं होतं.
दानिएलने ओंजळ पुढे केली.
कसलासा वास आला,
त्याच्या तोंडाचा की माझ्या बोटांचा.
मी तुकडा ठेवला.

उद्यापासून तिसरी पाळी.
बरंच आहे, दिवसा घरोघर जाता येईल.
झोपेचं बघू.