तेरावा सामना

दोन फासे. लाल, नातवाच्या व्यापाराच्या डावातला.
पांढरा तुळशीबागेतला, अंगाने जरा तिरका,
सहा जास्तच पडतात त्याचे,
म्हणून तक्त्यात सहाची घरं मी हात आखडून भरली.

लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी कापून
चव्वेचाळीस खेळाडू केले. चार संघ.
प्रत्येकाच्या छत्तीस चौकोनांत त्याचा साठ-एकसष्टचा हिवाळा:
टेलिफोन्सच्या आठल्येला चौकार फक्त तीन घरांत,
शेख मकबूल हाक न देताच पळायचा, त्याला रनआउट दोन घरं जास्त,
आमचा वरदराजन, रास्ता पेठेतून सायकलने यायचा,
त्याचा आत येणारा चेंडू: लाल पाच, पांढरा काहीही.

पंचेचाळिसावं कार्ड माझं. बारावा गडी आणि स्कोअरर.
त्यावर काही लिहिलं नाही.
पाण्याचा तांब्या नेण्यासाठी फासे लागत नाहीत.

सून ऑफिसात, नातू क्लासला,
वारज्यात चौथ्या मजल्यावर दुपारी टॉस होतो.
बारा सामने वहीत वाचता येतात अजून,
कडा चिखलाने तपकिरी, पण आकडे शाबूत.
तेरावा, फायनलचा, सहाव्या षटकानंतर
नुसतं जांभळं तळं.
कॉपिंग पेन्सिल पाण्यात अशी फुलते.

खडकीच्या कारखान्याकडून आपण हरलो
एवढं जे उरलेत त्या सगळ्यांना आठवतं.
कसं, ते प्रत्येकाचं वेगळं.

वरदराजन बावधनला मुलीकडे असतो. फोन करतो.
“काय रे, आज मला किती विकेट?”
“फासे दोन म्हणतायत.”
“फाशांना सांग, स्लिपमध्ये दोन सुटले होते.
आणि सुटले ते कुणाच्या हातून, तेही सांग.”
मग खोकतो, मग बराच वेळ
दोघांच्याही बाजूला फक्त पंखा.

त्या जुलैत लोक ओंकारेश्वराकडून ओरडत पळत आले.
नारायण पेठेत, नदीच्या अंगाला, आमच्या दोन खोल्या.
आई म्हणाली, मशीन धर.
झंपर शिवायची ती, सबंध पेठेचे.
शिवणयंत्र दोघांनी उचलायचं असतं,
दोन्ही हातांनी.
माझ्या काखेत वही होती.

जिन्याच्या चौथ्या पायरीवर सुटलं.

गाळातून काढलं तेव्हा चाक फिरत होतं,
सुई उतरत नव्हती.
नंतर दोन वर्षं हातशिलाई. कंदिलाशी बोटं नेऊन.
मला ती कधी काही बोलली नाही.
एकदाच, वही उन्हात पान पान उघडून ठेवली होती तेव्हा,
बाजूला बसून म्हणाली,
“हे टिंब म्हणजे काय?”
म्हटलं, चेंडू टाकला, पण काही झालं नाही.
“बरीच आहेत की,” म्हणाली,
आणि पान उडू नये म्हणून कात्री ठेवली वर.

फायनल आतापर्यंत एकोणीस वेळा खेळलो.
अकरा वेळा आपण जिंकलो, आणि हे काही खरं नाही,
हे मला माहीत आहे, वरदराजनलाही.
तरी तो विचारतो, कितीने?
एकदा मीच स्वतःला आत घेतला,
शेवटचे तीन हवे होते, कोऱ्या कार्डावर बोट ठेवलं,
आणि फासा टाकणार कुठल्या तक्त्यावर?
काढून टाकला स्वतःला. पुन्हा तांब्या.

फासे वाजू नयेत म्हणून टेबलावर फडकं असतं,
तिच्या एका झंपराच्या उरल्या तुकड्याचं,
चारी कडांना तिची तुरपाई,
टाके इतके बारीक की चष्मा काढून बोटानेच बघावे लागतात.

आज विसाव्यांदा. शेवटचं षटक. वरदराजन फोनवर.
पांढरा तीन.
लाल घरंगळत कडेला गेला, तुरपाईला टेकला,
चार आणि पाचच्या मध्ये कलून उभा.

“काय पडलं?”
थांब, म्हटलं.
कलता पडला तर पुन्हा टाकायचा, हा नियम माझाच.
“अरे, काय पडलं?”