वाळू बदलायचा दिवस

आधी मोटर बंद.
मग हँडल.
हे उलटं झालं की आतलं रबर फाटतं
आणि हत्तुरे मॅडम म्हणतात,
मल्लेशम, परवाच तर नवं टाकलं होतं ना?
त्यांचं परवा म्हणजे तीन वर्षं.

काटा दहावर असला की टाकी निवांत,
अठरावर गेला की तिला धाप.
आज बावीस.
दोनदा बॅकवॉश देऊन पाहिला :
काटा उतरतो, चहा होईपर्यंत परत चढतो.
वाळूच म्हातारी झाली.
कडा झिजल्या की ती काही धरून ठेवत नाही,
नुसती पाण्याला वाट देते.

जुळे सोलापूर. मे महिना. दुपारचे बारा.
झाकणाला आठ बोल्ट, त्यातले दोन गंजलेले,
पान्याला फडकं गुंडाळल्याशिवाय हात लावता येत नाही.
जाळीत आज निघालं ते असं :
लिंबाची पानं,
एक गांधीलमाशी, जिवंत,
केसांचा चाप,
आणि एक टिकली, जाळीच्या कडेला नीट लावलेली,
न्हाताना आरशावर लावून ठेवतात तशी.

पोहायला मला येत नाही.
पाणी मात्र कळतं.
एकोणीस वर्षं सूत रंगवलं.
लग्नाच्या फोटोतही माझी नखं निळी आहेत.
शेवटच्या धुण्यात पाणी पांढरं आलं की रंग पक्का.
नाही आलं, तर मालक गप्प बसेल एकवेळ,
गिऱ्हाइकाची उशी बोलेल.

इथेही तेच बघायचं, बोटभर काचेतून.
हँडल फिरवलं की आधी चहा वाहतो,
मग ताक,
मग काहीच नाही.
मॅडमच्या नातवानं विचारलं,
थांबायचं कधी, कसं कळतं काका?
म्हटलं, काचेत नुसती काच दिसली की.

आमच्या गल्लीत नळ पाचव्या दिवशी.
बायको ओरडते, नीळ्ळु!
(मराठीत भांडतो आम्ही, पाणी अजून तेलुगूतच येतं.)
तोटीला टॉवेलचा तुकडा बांधते,
त्यात काय अडकलं ते मला दाखवते.
आणि मी तर दर गुरुवारी दोन मिनिटांत
आमचे पाच दिवस त्या काचेतून सोडून देतो.
पहिलं वर्षभर मोजत होतो : किती घागरी, किती ड्रम.
मग मोजणं सोडलं आणि पाइप जोडला, कुंपणापर्यंत.
चिंचेला क्लोरीन सोसला नाही, एक फांदी गेली.
सीताफळाचं काही बिघडलं नाही.

वाळू डब्यानं काढायची, शेवटी शेवटी मुठीनं.
तळाशी दांड्या, बारीक चिरांच्या,
अगदी मागावरच्या फणीसारख्या.
एक तुटली तर सगळी वाळू तलावात.
म्हणून आधी अर्धी टाकी पाणी भरायचं,
मग नवी पोती सोडायची,
म्हणजे वाळू पडत नाही, बसते.
हे मला कुणी शिकवलं नाही.
दोन दांड्या मोडून शिकलो, माझ्या पगारातून.

जुनी वाळू कुठे टाकू?
मॅडम म्हणाल्या, टाक कुठेही.

एक पोतं सायकलला बांधलं.
घरी परातीत धुतली,
सात पाण्यांनी,
आठव्याला परात दिसली.
मग पसरली माठाखाली, चार बोटं जाड.
बायकोनं चिमूट उचलून नाकाशी नेली.
ही कुठली आणलीस?
म्हटलं, पोहून आलीय.

रात्री लाइट गेली. पंखा थांबला.
माठाखाली हात घातला, वाळूत, मनगटापर्यंत.
गार.
आणि कान उगाच
मोटर शोधत राहिले.