तक्रारीचा रकाना

अमळनेरहून एसटीने पाऊण तास,
बोरीच्या कोरड्या पात्रापलीकडे आमचं उपकेंद्र.
दोन खोल्या, एक कडुनिंब,
टेबलावरचं हिरवं रेक्झिन मे महिन्यात पाठीला चिकटतं.
सव्वीस वर्षं मी इथे तांबी बसवते.

तांब्याचं स्त्रीलिंग, एवढंच.
करंगळीच्या दोन पेरांएवढी.
नळीत शिरताना हात मिटते,
आत गेली की पसरते.
इतके ऐसपैस हात पसरून आमच्यातली कोण
कधी निजली असेल, देव जाणे.

"चिमटा घेतल्यासारखं वाटेल," मी सगळ्यांना सांगायचे.
माझी पहिली बसवली तेव्हा मला तेवढंच वाटलं होतं.
ते एक वाक्य मी गावभर पुरवलं.

वैजंता टेबलावरून उतरली
नि थेट निंदणीला गेली. "माले ते समजनं बी नही."
इतकी विसरली, की दहा वर्षांनी
काढायची तारीख मीच निरोप धाडून कळवली.

तिची सख्खी जाऊ कोकिळा.
तोच बुधवार, तेच टेबल, तेच माझे हात.
पदराचा बोळा दातांत धरून म्हणाली,
"हाऊ चिमटा शे का, बाई?"
एकवीस दिवस अंगावरून जात राहिलं.
एकाच मोरीवर धुणं दोघींचं,
आणि वैजंता सांगत फिरली, धाकटी नाटकं करते.

नाजमीन म्हणाली, धागा आखूड काटो बाजी,
किसी के हात को नै लगना.
अजून कधी तिच्या घरी गेले की सासू चहा देते,
विचारते, हिची कूस कधी उजवणार?
मी बशीत फुंकर घालत बसते.

सुलभाची न्हाणीत आपोआप पडली.
धुऊन, पुडीत बांधून घेऊन आली,
"तांबं शे बाई, फेकानं कसाले?"
त्या दिवशी आम्ही दोघी पोट धरून हसलो.

आणि झुमली, सातपुड्यातून कापूस वेचायला उतरलेली.
दूरच्या कुठल्या दवाखान्यात बाळंत झाली,
तिथेच कुणी बसवून दिली. विचारलं होतं म्हणे,
तिने मान हलवली होती म्हणे.
कळा येत असताना बाई कशालाही मान हलवते.
दोन वर्षांनी माझ्या टेबलावर धागा दिसला
तेव्हा तिला पहिल्यांदा कळलं.
रडली नाही. एवढंच विचारत राहिली,
मग मी देवाला कोंबडा का बोलले होते?

रजिस्टरात नाव, वय, मुलं किती,
आणि शेवटी बोटभर रकाना: तक्रार.
मी लिहीत आले, नाही. नाही. नाही.
कोकिळेपुढेसुद्धा नाही.
मार्चअखेर तालुक्याला आकडा द्यायचा असतो
आणि आकड्याला ओटीपोट नसतं.

परवा माझी काढली.
एकावन्न सरलं, पाळी थांबून वर्ष झालं.
नवी सिस्टर प्राजक्ता, शिरपूरची, हात हलका.
"चिमटा घेतल्यासारखं वाटेल, मॅडम."
धागा वर सरकला होता. ती शोधत राहिली.
मी पत्र्याचे खिळे मोजले,
चौदापर्यंत आले, मग मोजणं सुटलं.
"दुखतंय?"
नाही, म्हणाले. सवयीने.

उठून बसले तेव्हा ट्रेमध्ये ती पडली होती,
काळपट, हात अजून पसरलेले.
म्हटलं, प्राजक्ता, यापुढे कुणाला चिमटा म्हणू नकोस.
"मग काय म्हणू?"
मला काही सुचेना.
म्हटलं, आधी तिला विचार. मग थांब थोडी.

दुपारी कपाटातून जुनी रजिस्टरं काढली.
वाळवीने कडा खाल्लेल्या.
कोकिळेचं पान सापडलं, माझं वळणदार अक्षर.
पेन उघडलं तर शाई वाळलेली.
झटकत बसले,
बाहेर बाकावर कुणीतरी विचारत होतं,
बाई, नंबर कधी लागी?