चाळण

अल ऐनला ऑगस्टात सकाळी सहालाच
शेडची कडी रुमालाने धरून उघडावी लागते.
आत माझ्या सात चाळण्या, एकीखाली एक,
वरची भरड, तळाची इतकी बारीक
की तिच्यातून पाणीसुद्धा विचार करून उतरतं.

दाद करीम पोती आणून टाकतो:
अल वगनची तांबडी, लिवाची पिवळसर,
आणि सबख्यातली पांढरी, जी जिभेला खारट लागते.
(चाखायची नाही असा नियम आहे.
मी चाखली आहे.)

भिंतीपलीकडे तो टांगलेला असतो.
नाव अजून नाही, नुसता क्रमांक.
जबडा एवढा, की आत दोन माणसं
एकमेकांच्या खांद्यावर उभी राहतील.
चारशे माणसं, त्यांच्या बॅगा, त्यांची पेंगुळलेली पोरं घेऊन
सोळा तास कुठेही न टेकता जायचंय त्याला,
आणि उठायचंय ते इथूनच,
जिथे अर्धं वाळवंट हवेतच असतं.

म्हणून आम्ही त्याला धूळ चारतो.
मोजून. ताशी इतके ग्रॅम, नरसाळ्यातून.
आमच्यात धूळ चारणं म्हणजे हरवणं,
हे मी एकदा मौझाला समजावून सांगितलं.
ती म्हणाली, मग बरोबरच आहे.
इथे हरू दे, वर नको.

पोटातली आग, पाती वितळतील त्याहून तापलेली.
तरी ती टिकतात अंगावरच्या छिद्रांमुळे:
सुईच्या टोकाएवढी, आतून गार हवा पाझरत राहते,
तापात घाम फुटावा तशी.
धूळ आत शिरते, वितळते, पात्यावर बसते, काच होते.
छिद्र बुजलं की घाम थांबला.
पुढचं सांगायला नको.

आधी प्रमाण धूळ यायची परदेशातून,
सीलबंद डब्यात, दाखल्यासकट.
ती त्याने महिनोन्‌महिने पचवली.
साधा ढेकर नाही.
मग पांढरीचं पहिलं पोतं सुटलं.
मी दोन बोटांत चोळून म्हटलं, ही धरेल.
डेरेक हसला नाही, हा त्याचा चांगुलपणा.
एवढंच विचारलं: कशावरून?

कशावरून सांगू?
तासगावात बाबांची पिठाची गिरणी.
पीठ पडू लागलं की ते डोळे मिटून
चिमूट चोळायचे, चाक पाव फेरा फिरवायचे.
ज्वारी सुटी पडते. हरभरा दगडाला धरतो.
चौथीत असताना मला दोन्ही अंधारात ओळखता यायची.
हे अहवालात कुठल्या रकान्यात भरायचं?
मी लिहिलं: निरीक्षण, प्राथमिक.

एकशे बाराव्या फेरीनंतर
दुर्बिणीची बारीक नळी आत सोडली.
पडद्यावर पहिल्या रांगेतलं सतरावं पातं,
धारेपाशी मधाच्या रंगाची काच, गोठलेली,
आणि छिद्रं?
मौझाने पडद्यावर बोट ठेवून मोजली.
अकरा असायला हवीत. चार.

कुणी ओरडलं नाही. डेरेक खुर्चीत बसला,
मग उठून स्वतःच चहा करायला गेला, चौघांचा,
आणि त्यात साखर विसरला.
आता नवा लेप येईल, छिद्रांचा कोन बदलेल,
दोन वर्षं, कदाचित तीन.
कापलेलं ते पातं सध्या माझ्या टेबलावर आहे.
उन्हात धरलं की चमकतं.
वाळवंटाने कधी दागिना घडवला,
तर तो असाच थोडा वाकडा असेल.

रात्री बाबांना फोनवर सगळं सांगितलं.
गिरणी विकून नऊ वर्षं झाली,
तरी ऐकताना त्यांचा आवाज पट्ट्यावर चढल्यासारखा झाला.
म्हणाले, टाकी कधी लावता मग त्याला?
मी म्हटलं, हजारो तास न लावता चालला पाहिजे, बाबा.
बराच वेळ नुसती खरखर.
मग म्हणाले,
मी तर दर गुरुवारी लावायचो.